पिल्लं निवडाले येजो

नर, मादी की मिक्स, हा प्रश्न पिल्लांच्या दुकानात दिवसातून पन्नास वेळा विचारला जातो आणि त्याचं उत्तर देताना कुणाला घाम फुटत नाही. तानबाला फुटला. तोही दिवाळी उलटल्यावर, सकाळच्या गारठ्यात, कानाला मफलर गुंडाळलेला असताना.

जाम गावच्या चौरस्त्याजवळ रूपरावचं दुकान. कोंबड्यांचा दाणा, औषधं, आणि आधी सांगून ठेवली तर एका दिवसाची पिल्लं. गेली चार वर्षं तानबा तिथं येऊन एकच शब्द बोलत आला होता, नर. रूपरावला तो इतका पाठ झाला होता की तो विचारायचाही नाही, "चारशे नर" म्हणून मोकळा व्हायचा. त्या दिवशीही तसंच म्हणाला.

"मिक्स," तानबा म्हणाला.

रूपरावनं मोबाईलमधून डोकं वर काढलं. "काऊन? ढाबेवाले माद्या घ्याले लागले का?"

"मिक्स म्हटलं तर मिक्स दे ना बाप्पा. चौकशी काऊन करून राह्यला?"

"बरं, बरं. पण जुनी जात सध्या येऊन नाई राह्यली. नवीन आहे एक, बांधा चांगला होते तिचा. चालन?"

"चालन," तानबा म्हणाला आणि बाहेर पडला. जातीचं नाव काय, दाणा किती खाते, थंडीत टिकते का, काही म्हणजे काही विचारलं नाही. पंधरा वर्षं मांसाच्या कोंबड्या पाळणारा माणूस असा वागत नाही. पण त्याचं लक्ष कोंबड्यांत नव्हतंच.

आता हा नर-मादीचा घोळ काय ते सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, एका शब्दासाठी माणसाला घाम कशाला फुटावा. मांसासाठी पाळायचं तर नर बरा. झपाट्यानं वाढतो, वजन धरतो, अडीच महिन्यांत सगळे एका मापाचे होतात आणि एकदम विकले जातात. मादी मागं राहते. दोघांना एकत्र ठेवलं की नर दाण्यावर तुटून पडतात, माद्या कोपऱ्यात जातात, आणि व्यापारी आला की एक पक्षी हा एवढा, दुसरा तो तेवढा. म्हणून निवडलेले नर महाग मिळतात आणि न निवडलेली मिक्स पिल्लं स्वस्त. मिक्स आणून कुणाला घरीच निवडता आली तर मग काय, सोन्याहून पिवळं. नर एका जाळीत वाढवून ढाब्यांना द्यायचे, माद्या दुसऱ्या जाळीत वाढवून अंड्यांसाठी गावातल्या बायांना. पण एका दिवसाचं पिल्लू म्हणजे मूठभर कापूस. त्यात नर कुठला नि मादी कुठली हे ओळखायला तसा हात लागतो.

तानबाच्या घरात तो हात होता, त्याच्या पोरीचा, मयुरीचा. ती बारावीत असताना तालुक्याला एक प्रशिक्षण झालं. बाप जेवण झाल्यावर खुर्चीतच झोपला आणि सोबत गेलेली पोरगी शिकून आली. पिल्लू डाव्या मुठीत धरायचं, अंगठ्यानं पंख उलगडायचा. कडेला बारीक पिसांच्या दोन ओळी दिसतात. खालची ओळ लांब असली तर मादी, दोन्ही सारख्या असल्या तर नर. नर डाव्या टोपल्यात, मादी उजव्या टोपल्यात. हे सगळं पहिल्या दोन दिवसांतच कळतं, पुढं पिसं सारखी होऊन जातात. मयुरी चारशे पिल्लं सव्वा तासात हातावेगळी करायची, तीही गप्पा मारत, आणि शंभरात दोनाच्या वर कधी चुकायची नाही. तानबा तिच्यासमोर बसून खोक्यातून एकेक पिल्लू काढून द्यायचा. ते काम शेजारपाजारचं कुणीही केलं असतं, पण तो तिथं दुसऱ्या कुणाला बसू द्यायचा नाही. वर्षातले ते चार-पाच सव्वा तास आपल्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, हे त्याला ते संपल्यावर समजलं.

संपले ते असे. मयुरी नर्सिंग शिकली, सावंगीला दवाखान्यात लागली आणि तिथंच काम करणाऱ्या अंकुशशी लग्न करते म्हणाली. पोरगा चांगला होता. बापाला विचारायच्या आधी दोघांनी ठरवून टाकलं होतं, एवढीच काय ती चूक. तानबानं डोक्यात राख घालून घेतली. घरात चार पाहुणे बसलेले असताना तो बोलून गेला, "कराचं तर कर, पण या उंबऱ्यात पाय ठेवू नको." पोरगीही त्याचीच. "तुम्ही बोलावल्याबिगर नाई ठेवत," म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

त्याला चार वर्षं झाली. चार दिवाळ्या गेल्या. मयुरीचा संसार वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेला, जामपासून बसनं तास-दीड तासाच्या वाटेवर. जगाच्या दुसऱ्या टोकाला असती तर परवडलं असतं, माणूस मनाला समजावतो. इथं मात्र रोज वर्ध्याकडून बस यायची, आणि तानबा कामानिमित्त चौरस्त्यावर असला की उतरणाऱ्या बाया एकेक करून पाहायचा. शेवटची उतरून बस हलली की मग चालू लागायचा. आपलं हे कुणाला कळत नाही, असं त्याला वाटायचं. त्याच्या बायकोला, प्रमिलाबाईला, ते पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

प्रमिलाबाई महिन्या-दोन महिन्यांनी लेकीकडे जाऊन यायची. आली की तानबा तोंडानं काही विचारायचा नाही, फक्त चुलीच्या आसपास घुटमळायचा. कधी दोरी शोध, कधी टोपी झटक. आणि ती भाकरी थापता थापता भिंतीला सांगितल्यासारखं सगळं सांगायची. यंदा भाऊबीजेनंतर तिनं सांगितलं की नात अडीच वर्षांची झाली, प्रेरणा नाव तिचं, आणि मोबाईलमधला तुमचा फोटो ओळखते.

"आजोबा म्हणते?" तानबाच्या तोंडून निसटलं.

"कोंबडेवाले बाबा म्हणते," प्रमिलाबाई म्हणाली. "तिच्या दारावर भाजीवाला येते, दूधवाला येते. तसे तुमी कोंबडेवाले."

तानबा अर्धी भाकर ताटात टाकून उठला. आणि आठ दिवसांनी रूपरावच्या दुकानात जाऊन मिक्स म्हणाला.

पिल्लं आली ती भोकं पाडलेल्या चार खोक्यांतून. शेडमध्ये धानाचं तूस अंथरून ठेवलं होतं, ऊब राहावी म्हणून बल्ब लावले होते, गोणपाटाचे पडदे सोडले होते. प्रमिलाबाईनं खोक्यावरची चिठ्ठी वाचली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"मिक्स आणली? अन् निवडन कोण?"

"तेच म्हणून राह्यलो. तिले फोन लाव."

"मी नाई लावत," ती म्हणाली. "बोलावणं तुमचं पाह्यजे तिले, माझं नाई." आणि नंबर काढून मोबाईल त्याच्या हातात देऊन सरळ घरात निघून गेली.

तानबा मोबाईल धरून शेडच्या दारात उभा राहिला. घंटी वाजत होती तेवढा वेळ तो गोणपाटाचा पडदा ओढून सरळ करत राहिला.

"मी बोलून राह्यलो," तो म्हणाला.

"हो, बाबा."

चार वर्षांनी त्यानं तो शब्द तिच्या तोंडून ऐकला. त्याला बोलायचा शब्दही एवढासाच होता, ये. पण तो काही केल्या निघेना. तानबानं खाकरून पाहिलं, मफलर सैल करून पाहिला. शेवटी म्हणाला, "पिल्लं आली. मिक्स आहेत. दोन दिवसांत निवडा लागतात."



"कितीक आहेत?" मयुरीनं विचारलं.

"चारशे."

"उद्या सुट्टी आहे मले. सकाळी येईन."

दुसऱ्या दिवशी सात वाजताच तानबानं मोटारसायकल काढली. मका दळून आणतो म्हणाला. मक्याचं पोतं घरातच विसरला, पण प्रमिलाबाईनं काही त्याला हाक मारली नाही. चौरस्त्यावर त्यानं तीन बसा पाहिल्या, तीन चहा घेतले आणि एक बिस्किटाचा पुडा घेऊन खिशात ठेवला. दहा वाजत आले तेव्हा ती येत नाही अशी मनाची खात्री करून घेतली आणि घरी परतला. येऊन पाहतो तर शेडच्या दाराशी लाल स्कूटी उभी. बसनं यायचे दिवस गेले होते, पोरीनं गाडी घेतली होती, आणि मागच्या पांदणवाटेनं ती परस्पर शेडवर आली होती. चार वर्षं जिची वाट पाहिली तिचं येणं तेवढं पाहायचं राहून गेलं.

"घरात ये म्हटलं," प्रमिलाबाई हळूच म्हणाली. "म्हणते, कामाले आली. उंबऱ्याकडे पाह्यलंसुद्धा नाई तिनं."

तानबा आत गेला. मयुरी तुसावर बसली होती, पुढ्यात दोन टोपली. थोडी अंगानं भरली होती, केस बारीक कापले होते. तिच्यासमोरचा पाट रिकामा होता. तो तिथं जाऊन बसला.

"आली?"

"हो."

"एकटीच?"

"पोरीले नाई आणलं," मयुरी म्हणाली. "द्या पिल्लू."

तानबाचा हात खिशाकडे गेला होता, तो त्यानं खोक्यात घातला आणि पहिलं पिल्लू काढून दिलं. तिनं ते डाव्या मुठीत घेतलं, अंगठ्यानं पंख उलगडला. पाहिलं. दुसरा पंख उलगडला. पिल्लू मांडीवर ठेवून दुसरं मागितलं. मग तिसरं, चौथं. पाचव्या पिल्लावर तिचा हात थांबला.

"बाबा, जात कोणती आहे ही?"

"नवीन आहे म्हणे. रूपरावनं देली. काऊन?"

मयुरीनं वर पाहिलं. बाप पुढचं पिल्लू एका तळव्यावर धरून, हात पुढं करून बसला होता. पिल्लाला थंडी लागू नये म्हणून वरून दुसरा हात झाकलेला. मिशी पार पांढरी झाली होती आणि खिशातून बिस्किटाचा पुडा डोकावत होता.

"काही नाई," ती म्हणाली. मांडीवरची पिल्लं तिनं काही डावीकडे, काही उजवीकडे ठेवली. "द्या."

काम फार सावकाश चाललं. पूर्वी बोलता बोलता भराभर व्हायचं, आता एकेका पिल्लाचा पंख ती उघडून बघत राहायची, मग कुठं टोपल्यात ठेवायची. सवय मोडली पोरीची, तानबाला वाटलं, आणि बरंच वाटलं. पहिली पन्नास पिल्लं हातांखालून गेली. मग तिनं दाणा कोणता देता ते विचारलं. शंभराच्या पुढं गुडघा कसा आहे ते विचारलं. त्यानं मागच्या वर्षी मुंगूस शिरलं होतं त्याची गोष्ट सांगितली, मुंगूस होतं त्यापेक्षा बरंच मोठं करून. ती हसली. दोनशे झाल्यावर प्रमिलाबाई भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा घेऊन शेडमध्येच आली, आणि तिघं दाण्याच्या पोत्यांवर बसून जेवली. जेवताना मयुरीनं अंकुशच्या ड्युटीचं सांगितलं. प्रेरणा रागावली की जमिनीवर पालथी पडते आणि कुणी उचललं तरी उठत नाही, हेही सांगितलं.

"हे कोणावर गेलं काय माहीत," प्रमिलाबाई म्हणाली. तानबानं मान खाली घालून ठेचा वाढून घेतला.

शेवटचं पिल्लू टोपल्यात गेलं तेव्हा तीन वाजले होते. मयुरीनं अंगणातल्या नळावर हात धुतले. मग ती घरासमोर उभी राहून स्कार्फ बांधू लागली. एकदा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. उंबरा तिच्यापासून चार पावलांवर होता आणि तानबा दारात उभा होता. आत ये, चहा घेऊन जा, एवढंच म्हणायचं होतं. तानबानं तोंड उघडलं.

"उजेडातच जाजो," तो म्हणाला. "हायवेवर ट्रकवाले पाह्यत नाई."

"हो." तिनं गाडी चालू केली. "पुढची खेप कधी आहे?"

"संक्रांतीनंतर."

"बरं," ती म्हणाली आणि गेली. बिस्किटाचा पुडा त्याच्या खिशातच राहिला होता. तो त्यानं घरातल्या फळीवर ठेवला आणि प्रमिलाबाईनं तो तिथून हलवला नाही.

त्यानंतरचे पाच आठवडे तानबानं कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. दोन जाळ्या केल्या होत्या, डाव्या टोपल्यातली पिल्लं डावीकडे, उजव्यातली उजवीकडे. तो दिवसातून चार वेळा कारण नसताना आत जायचा. या प्रत्येक पिल्लाला पोरीचा हात लागला आहे, हे त्याच्या मनातून जायचं नाही. आत ये म्हणायचं राहिलं, हेही जायचं नाही. गव्हाला पाणी देताना, तुरीच्या शेताच्या धुऱ्यावर उभा असताना तो ते दोन शब्द मोठ्यानं म्हणून पाहायचा. एकटा असला की अगदी नीट म्हणता यायचे.

पाचव्या आठवड्यात तुरे फुटले. नराचा तुरा लाल, ठसठशीत होतो, मादीचा फिका आणि बारीक राहतो, हे आंधळ्यालाही कळावं. तानबानं डाव्या जाळीत पाहिलं. अर्धे तुरे लाल, अर्धे फिके. उजव्या जाळीत पाहिलं. तिथंही तेच. जणू कुणी डोळे झाकून दोन टोपल्यांत वाटणी केली होती.

तो तुसावर खाली बसला. माल उंच-सखल होईल, व्यापारी कुरकुर करील, याचं त्याला काही वाटलं नाही. त्याला वाईट वाटलं ते हाताचं. शंभरात दोनाच्या वर न चुकणारी पोरगी शंभरात पन्नास चुकली होती. म्हणजे आपण तिला इतकी वर्षं दूर ठेवलं की या घरचं काही तिच्या हातात उरलं नाही, सगळं पुसून गेलं. बापाचा उंबरा गेला तसा हातही गेला. हे त्यानं प्रमिलाबाईला सांगितलं नाही. तिला सांगायला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो रूपरावकडे गेला. पुढची खेप सांगायची होतीच. बोलता बोलता तो म्हणाला, "तुह्या नवीन जातीचे पंख पाहून घरी निवडले होते. सगळे उलटेसुलटे निघाले. पोरीचा हात गेला."

"पंख पाहून?" रूपराव हसायला लागला. "तानबाभाऊ, या जातीत पंखावरून कळतच नाई. नर असो का मादी, पिसं सारखीच. मशीन घेऊन बसलं तरी कळत नाई. म्हणून तर हॅचरीवाले निवडत नाई, मिक्सच धाडते. तुमी पुन्हा घरी निवडाले लागले हे मले काय माहीत, नाईतर तवाच सांगितलं असतं."

"कळतच नाई?"

"ज्याले निवडता येते त्याले चार-पाच पिल्लांतच समजते का इथं काही दिसत नाई म्हणून. मयुरीले नाई समजलं का?"

तानबा दाण्याच्या पोत्यावर टेकला. पाचव्या पिल्लावर थांबलेला हात त्याला दिसला. बाबा, जात कोणती आहे ही. तिला समजलं होतं. पाचव्या पिल्लाशीच समजलं होतं. तेव्हाच तसं म्हणाली असती तर काम तिथंच संपलं असतं आणि साडेदहाला तिला स्कूटी चालू करावी लागली असती. म्हणून तिनं उरलेल्या प्रत्येक पिल्लाचा पंख उघडून, जिथं पाहण्यासारखं काहीच नव्हतं तिथं बघत बसून, तीन वाजवले होते. तानबानं मफलरानं डोळे पुसले आणि थंडीनं पाणी येते म्हणाला.

"मंग पुढच्या खेपेले जुनी जात देतो," रूपराव म्हणाला. "येणं सुरू झालं आता. निवडलेले नर. चारशे ना?"

"नको. मिक्स दे. हीच जात."

"आत्ताच सांगितलं ना तानबाभाऊ, कळत नाई म्हणून."

"आयकलं मी," तानबा म्हणाला. "अन् चारशे नको. सहाशे दे."

दुकानातून बाहेर येऊन त्यानं मोबाईल काढला. समोर वर्ध्याकडून आलेली बस थांबली होती, बाया उतरत होत्या. त्यानं तिकडे पाठ फिरवली.

"मयुरी, पिल्लं सांगितली पुढच्या खेपेची. सहाशे. निवडाले येजो." शब्द निघाला होता, तर तो थांबला नाही. "पोरीले घेऊन येजो. अन् मागून येऊ नको, समोरून येजो. जेवण घरात होईन."

 मग मयुरीनं विचारलं, "जात कोणती आहे, बाबा?"

"तीच. मागचीच."

 ती बोलली ती भिजलेल्या आवाजात.

"मंग लय येळ लागन."

"लागू दे," तानबा म्हणाला.